धानाचं अनुदान: पऱ्हे टाकण्याआधीपासून बोनस खात्यात पडेपर्यंत

दरवर्षी डिसेंबरात आमच्याकडच्या आधारभूत केंद्रावर (सरकार हमीभावाने धान घेतं ते केंद्र) एक दृश्य ठरलेलं असतं. ट्रॅक्टरची रांग लागलेली, ट्रॉलीत धान, वरून ताडपत्री. खिडकीपाशी हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेला एक म्हातारा माणूस, आणि खिडकीच्या आतून आलेलं उत्तर: ‘काका, तुमच्या सातबाऱ्यावर धान नाहीच.’ धान तर ट्रॉलीत आहे. पण सरकारच्या लेखी त्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) काहीच पिकलेलं नाही, कारण ऑगस्टात कोणी मोबाईल घेऊन बांधीत गेलं नव्हतं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात हे घरोघरी माहीत आहे. मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो. हा माझा धंदा नाही. घरी संगणक आहे आणि कोणाला नाही म्हणता येत नाही, एवढंच. अडकलेल्या फायली पाहून पाहून माझं एक मत झालंय. योजना कोणती हे लोकांना कळतं, गावात ते बोंबलून सांगणारे पुष्कळ आहेत. गाडी अडते ती कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून, नाहीतर जे काम ऑगस्टात करायचं ते डिसेंबरात आठवतं म्हणून. म्हणून हा लेख योजनांच्या यादीप्रमाणे न लिहिता धानाच्या वर्षाप्रमाणे लिहिला आहे.

मे महिना: नावांची जुळणी

पऱ्हे (धानाची रोपं) टाकायला अजून वेळ आहे, बाहेर ऊन मरणाचं आहे, घरात बसून करायचं हे काम. चार कागद समोर मांडा: सातबारा, आठ-अ (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार आणि बँकेचं पासबुक. चारही कागदांवरचं नाव मोठ्याने वाचा.

आपल्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे एक घोळ फार होतो. समजा, सातबाऱ्यावर ‘तुळशीराम’ आहे, आधारवर ‘तुलसीराम’ आणि पासबुकावर बापाचं नावच नाही, सरळ आडनाव. माणूस एकच, पण संगणकासाठी तीन. सातबाऱ्यातलं नाव चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी असं झालंय, पण तलाठी म्हटलं तरी कोणी रागावत नाही). आधारमधलं चुकलं असेल तर आधार केंद्रावर. माझा अनुभव असा की आधार दुरुस्त करणं सोपं आणि लवकर होणारं आहे. सातबाऱ्याच्या दुरुस्तीत महिने जातात. म्हणून जिथे शक्य असेल तिथे आधारवरचं नाव सातबाऱ्यासारखं करून घ्या.

वडील वारले, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, हा दुसरा घोळ. वारसाची नोंद करून फेरफार मंजूर होईपर्यंत पुढचं काहीही हलत नाही. पीएम किसान, विमा, धान विक्री, सगळं थांबतं. भावाभावांत वाटणी झाली नसेल तरी वारस नोंद करता येते; सामाईक खात्यावर सगळ्यांची नावं चढतात. वाटणीचं भांडण आणि वारस नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीसाठी दुसरी अडवून धरू नका.

मग बँक. सरकारी पैसा आता बहुतेक वेळा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर न जाता तुमच्या आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यावर जातो. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, पैसे तिकडे. मोबाईलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि घरच्याला त्याचा पत्ताच नसतो. ‘पैसे आलेच नाही’ म्हणणाऱ्या एका मावशींचे दीड वर्षाचे हप्ते आम्हाला असेच एका भलत्याच खात्यात सापडले. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की कोणतं खातं जोडलेलं आहे ते दिसतं. ते आपल्या नेहमीच्या बँकेचं नसेल तर बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा.

शेतकरी ओळख क्रमांक

15 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक लागतो. ॲग्रीस्टॅक पोर्टलवर स्वतः किंवा सेवा केंद्रावर जाऊन काढता येतो. आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी त्यावर येतो. पोरगा पुण्याला आणि नंबर त्याचा, असं असेल तर आधी आधारचा मोबाईल बदलून घ्या.

क्रमांक काढताना घाई करून लोक एक चूक करतात: फक्त आपल्या गावातला गट जोडतात. सासरवाडीकडची दोन एकर, शेजारच्या गावातली बांधी, आईकडून आलेला तुकडा, हे सगळं त्याच क्रमांकाला जोडायचं असतं. जे जोडलं नाही ते पुढे विम्यात आणि अनुदानात मोजलं जात नाही. नाव जुळत नसेल तर प्रकरण तलाठ्याच्या मंजुरीसाठी जातं. तिथे ते पडून राहतं, म्हणून आठ दिवसांनी विचारपूस करा. जमीन नंतर विकत घेतली असेल तर तीही जोडून घ्यावी लागते, ती आपोआप येत नाही.

जून: जे अर्ज एकदा करून विसरता येतात, आणि येतही नाहीत

पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. योजना 24 फेब्रुवारी 2019 ला सुरू झाली. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये आला. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, पीएम किसानच्या यादीवरूनच तो दिला जातो. त्यामुळे पीएम किसानमध्ये नाव अडकलं की दोन्ही बुडतात.

पात्रतेची मुख्य अट: 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी जमीन तुमच्या नावावर असावी. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला मिळालेली जमीन मात्र चालते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. त्यात एकालाच लाभ. आयकर भरणारे बाद. सरकारी नोकर बाद, फक्त चतुर्थ श्रेणीला सूट आहे. 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारेही बाद, तिथेही चतुर्थ श्रेणीला तीच सूट. आपण बसत नसताना हप्ते घेतले असतील तर वसुलीची नोटीस येते आणि ती गावात सगळ्यांच्या देखत येते.

हप्ता थांबला असेल तर पोर्टलवर ‘लाभार्थी स्थिती’ उघडा आणि तीन गोष्टी पाहा: ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि आधारशी बँक जोडणी. तिन्हींपुढे ‘होय’ हवं. जिथे ‘नाही’ आहे तिथेच जा. जमिनीसाठी तहसील किंवा तालुका कृषी कार्यालय, बँकेसाठी बँक. लोक तिन्हीकडे खेटे घालतात आणि पेट्रोल जाळतात. फोनवर विचारायचं असेल तर 155261.

पीककर्ज सोसायटीचं असो की बँकेचं, 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची सूट मिळून व्याजाचा भार शून्यावर येतो. हेही अनुदानच आहे, पण ते हातात न येता कर्जातून वजा होतं म्हणून कोणी मोजत नाही. मुदत एक दिवस चुकली तरी सवलत जाते. कर्जमाफी येईल या आशेवर थकवलेलं कर्ज शेवटी महागच पडतं असं मी पाहिलंय. पण हा सल्ला निवडणुकीच्या वर्षी कोणी ऐकत नाही.

जुलै: विमा

एक रुपयात पीकविमा हा प्रकार 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं चालला, 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला. आता खरिपाच्या धानाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के आणि रब्बीला 1.5 टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. समजा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 असेल तर हप्ता 1,000 रुपये. जिल्ह्याची नेमकी रक्कम त्या वर्षीच्या शासन निर्णयात असते, सेवा केंद्रावर विचारा. खरिपाची मुदत साधारणपणे 31 जुलै. वाढेल या भरवशावर राहू नका, त्या दिवशी सर्व्हर हमखास बसतो.

त्याच वर्षी झालेला दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आहे. पूर्वी पाणी साचलं, कापलेलं धान भिजलं की 72 तासांत कळवून एकट्याच्या शेताची भरपाई मागता यायची. 2025 च्या खरिपात राज्याने ते कलम काढलं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर ठेवली. म्हणजे तुमच्या एकट्याच्या कडपा (कापून बांधीत पसरलेलं धान) पाण्यात गेल्या आणि बाकी मंडळात पीक बरं असेल, तर विम्याकडून काही नाही. धानाची बांधी बुडाली आणि जंगली जनावरांनी नासाडी केली, या दोन जोखमी 2026 च्या खरिपापासून पुन्हा विम्यात घेण्याची मुभा केंद्राने दिली आहे. राज्याच्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत त्या आहेत का, हे हप्ता भरण्याआधी वाचून घ्या. विम्याची शंका 14447 वर विचारता येते.

अतिवृष्टीची सरकारी मदत वेगळी. त्यासाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं आणि पंचनामा हवा. केंद्राच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि ओलिताला 17,000 रुपये. पंचनामा करणारे गावात आले की स्वतः सोबत शेतात जा, कोतवालावर सोडू नका. आणि रानडुकरांनी बांधी लोळवली असेल तर वनविभागाकडे तीन दिवसांच्या आत तक्रार गेली पाहिजे. चौथ्या दिवशी गेलात तर वनरक्षक हळहळतो, पण करत काही नाही.

ऑगस्ट: बांधीत उभं राहून

माझ्या मते सगळ्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं अर्ध्या तासाचं काम हे आहे. रोवणी (धानाची लावणी) आटोपली, अंगाचा चिखल सुटला की लगेच करून टाका.

ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या शेतातलं पीक मोबाईलवरून सातबाऱ्यावर चढवणं, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू आहे. आताचं ॲप ‘ई-पीक पाहणी डीसीएस’ नावाचं आहे. जुनं मोबाईलमध्ये असेल तर काढून टाका, त्यावरची नोंद जात नाही. शेतकरी म्हणून लॉगिन करा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, मोबाईल नंबर टाका, खातेदाराचं नाव किंवा गट नंबर टाकून खातं शोधा. हे सगळं घरी बसून करून ठेवता येतं. पुढचं मात्र गटात उभं राहूनच. ॲप तुमची जागा पाहतं. शेताबाहेरून, रस्त्यावरून काढलेला फोटो ते घेत नाही. बांधीत गेल्यावर मोबाईलचं लोकेशन चालू करा, एक मिनिट थांबा, मग पुढे जा. आकाश भरलेलं असलं की जागा पकडायला वेळ लागतो, त्यात चूक तुमची नसते.

हंगाम खरीप निवडा. पीक ‘भात’ या नावाने आहे, ‘धान’ शोधत बसू नका. आता क्षेत्र. इथे दोन चुका होतात. पहिली, गटाचं सगळं क्षेत्र लिहायचं, त्यातला पोटखराब, बोडी (लहान तळं), घर, खारी यांच्यासकट. पुढे आधारभूत केंद्रावर क्षेत्र तपासलं जातं आणि फरक दिसला की नोंदणी लोंबकळते. दुसरी चूक धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तुरीची. आपण बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर लावतो. पोराने ॲपमध्ये फक्त पहिलं दिसलेलं पीक भरलं आणि गटभर तूर लागली, असं आमच्या गावात झालेलं आहे. धान मुख्य पीक म्हणून त्याच्या खऱ्या क्षेत्रासह भरा, तूर वेगळी, तिच्या क्षेत्राएवढी.

सिंचनात बोअर, नहर, तलाव, जे खरं ते. मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) पाण्यावरचं धान असेल तर तलाव लिहा, कोरडवाहू नको. वर सांगितलेल्या 8,500 आणि 17,000 मधला फरक इथून सुरू होतो. फोटो काढा, जमा करा. बांधीत नेटवर्क नसेल तर माहिती ॲपमध्ये साठते आणि गावात आल्यावर अपलोड करायची असते. हे अपलोड राहून जातं! रात्री जेवण झालं की ॲप उघडून ‘अपलोड झालं’ असं दिसतंय का ते पाहा. चूक झाली असेल तर 48 तासांच्या आत दुरुस्त करता येते, नंतर तलाठ्याच्या हातात.

शेतकऱ्याने स्वतः करायची मुदत संपली की गावात नेमलेला सहायक उरलेल्या गटांची पाहणी करतो. त्याच्यावर भरवसा ठेवू नका असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याकडे शेकडो गट असतात आणि तुमच्याकडे चार. सप्टेंबर संपताना डिजिटल सातबारा काढा, 15 रुपये लागतात. गाव नमुना बारामध्ये भात चढलाय का ते डोळ्यांनी पाहा. चढलं नसेल तर तेव्हा अजून हातात वेळ असतो.

यंत्रं आणि बियाणं: महाडीबीटी

भात लावणी यंत्र, पॉवर टिलर, मळणी यंत्र, कोनोवीडर, रिपर, यांवर अनुदान आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प आणि अत्यल्प भूधारकांना साधारण 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के, आणि प्रत्येक यंत्राला वरची मर्यादा ठरलेली. महाडीबीटी पोर्टलवर ओळख क्रमांकाने लॉगिन करायचं, घटक निवडायचे, 23 रुपये 60 पैसे भरायचे. पूर्वी सोडत निघायची; 2025 पासून आधी येईल त्याला आधी, असं झालंय. म्हणून एप्रिल-मे मध्ये अर्ज टाकून ठेवावा.

निवड झाल्याचा संदेश आला की कोटेशन आणि यंत्राचा चाचणी अहवाल अपलोड करायचा. मग पूर्वसंमती पत्र येतं. पूर्वसंमती हातात येईपर्यंत यंत्र विकत घेऊ नका. विक्रेता म्हणेल, ‘भाऊ, घेऊन जा, बिल नंतरच्या तारखेचं देतो.’ घेऊ नका. पत्राआधीच्या तारखेचं काहीही सापडलं की अर्ज रद्द. पैसे बँकेतून द्या, रोखीने नको. बिल अपलोड झालं की कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) येऊन मोका तपासणी करतो आणि मग अनुदान खात्यात. पूर्ण रक्कम आधी तुम्हालाच घालायची आहे हे लक्षात ठेवा; अनुदान मागून येतं, आणि निधी नसेल तर बरंच मागून. व्याजाने पैसे काढून यंत्र घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

ऑक्टोबर: आधारभूत केंद्रावर नोंदणी

इथे दोन यंत्रणा आहेत. बिगर आदिवासी भागात राज्य पणन महासंघ, आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. त्यांच्या वतीने गावागावांतल्या सहकारी संस्था केंद्र चालवतात. तुमचं गाव कोणत्या केंद्राला जोडलंय ते यादीत पाहा. शेजारचं केंद्र जवळ असलं तरी चालत नाही.

2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 आणि ‘अ’ दर्जाला 2,389 रुपये जाहीर झाली. त्याआधीच्या वर्षी साधारणला 2,300 होती. व्यापारी समजा 1,900 देत असेल तर 40 क्विंटलमागे फरक 18,760 रुपयांचा. एवढ्यासाठी रांगेत उभं राहायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. दवाखाना, लग्न, उधारी असली की माणूस व्यापाऱ्याकडेच जातो, त्याला मी दोष देत नाही.

पण विकायचं नसलं तरी नोंदणी करा. का ते बोनसच्या भागात सांगतो.

नोंदणीला भात चढलेला सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, ओळख क्रमांक आणि स्वतः शेतकरी लागतो. केंद्रावर त्याचा फोटो काढला जातो. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र. बहिणी सासरी असतात, त्यांच्या सह्या दिवाळीला माहेरी आल्या की भाऊबीजेच्या दिवशीच घेऊन ठेवा. गंमत म्हणून सांगत नाही, आमच्याकडे सगळे असंच करतात.

बटईने किंवा ठेक्याने करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने होते, त्यामुळे धानाचे पैसे आणि बोनस मालकाच्या खात्यात जातात आणि खत-मजुरी केलेली असते दुसऱ्याने. हे अन्यायाचं आहे, पण आज नियम असाच आहे. ठेका ठरतानाच बोनस कोणाचा हे चार माणसांदेखत लिहून घ्या. विमा मात्र ठेकेदाराला स्वतःच्या नावाने काढता येतो, त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार हवा.

आणखी एक. नोंदणीच्या दिवसांत एखादा माणूस घरी येतो: ‘सातबारा दे, बोरीमागे इतके देतो, तुला काही करायचं नाही.’ तुमच्या नावावर बाहेरचं किंवा व्यापाऱ्याचं धान केंद्रावर जातं. चौकशी लागली की तो माणूस कुठे दिसत नाही, सही-अंगठा तुमचा असतो.

काट्यावर

धान ओलं नेऊ नका. ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे. हार्वेस्टरने काढलेलं धान हमखास ओलं असतं, ते दोन-तीन दिवस अंगणात पसरावं लागतं. कडपा सुकवून मग पुंजणं (गंजी) घातलेलं आणि चुरलेलं (मळलेलं) धान बरं उतरतं. दाताखाली ‘कट्’ वाजलं की झालं, हा जुना अंदाज चुकत नाही, पण केंद्रावर वाद झाला तर ओलावा मोजायचं यंत्र लावायला सांगा. त्याशिवाय खडे-माती 1 टक्का, काडीकचरा 1 टक्का, पोचट-अपक्व दाणा 3 टक्के, खराब, रंग बदललेला किंवा अंकुरलेला दाणा 5 टक्के, यापुढे गेलं की माल परत. घरीच चाळणी आणि पंखा लावून नेलेलं स्वस्त पडतं.

आता वजन. बारदान्यात 40 किलो धान भरतात आणि 50 किलोच्या तागाच्या नव्या बोरीचं स्वतःचं वजन असतं सुमारे 580 ग्रॅम. म्हणजे काट्यावर 40 किलो 600 ग्रॅम दिसलं की हिशेब पूर्ण. एका हंगामात आम्ही ज्या केंद्रावर गेलो तिथे काटा 42 वर गेल्याशिवाय बोरी उतरवतच नव्हते. ‘घट येते’ एवढंच उत्तर. बोरीमागे 1 किलो 400 ग्रॅम जास्त, 100 बोऱ्यांना 140 किलो, म्हणजे 3,300 रुपयांच्या वर धान फुकट. त्या दिवशी मी बोललो नाही, मागे रांग होती आणि ट्रॅक्टर भाड्याचा होता. पुढच्या वर्षी आम्ही सहा जण मिळून गेलो, पहिल्याच बोरीला मोबाईलने काट्याचा फोटो काढला. त्यानंतर काटा सरळ चालला.

वजन झालं की पावती लगेच घ्या. ‘उद्या देतो’ म्हणजे पावती नाही. पावतीवर बोऱ्या, निव्वळ वजन आणि तारीख हवी. मग विचारायचा प्रश्न: लॉट ऑनलाइन पडला का? धान गोदामात गेलं तरी पोर्टलवर लॉट एन्ट्री झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आठ-दहा दिवसांत एकदा जाऊन पाहा. दर हेक्टरी किती क्विंटल घेणार ही मर्यादा दरवर्षी जिल्हानिहाय ठरते आणि केंद्राचं उद्दिष्ट भरलं की खरेदी थांबते, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

बोनस

सरकारी भाषेत ‘प्रोत्साहनपर राशी’, म्हणजे आधारभूत किमतीशिवाय राज्य सरकार वरून देतं तो पैसा. पूर्वी तो क्विंटलवर मिळायचा. 2020-21 ला 700 रुपये क्विंटल, 50 क्विंटलपर्यंत. मध्ये एक हंगाम कोरडाच गेला. 2022-23 पासून तो हेक्टरवर आला: त्या वर्षी हेक्टरी 15,000, पुढे 2023-24 ला आणि 2024-25 ला हेक्टरी 20,000, कमाल 2 हेक्टर. दोन एकरवाल्याला, म्हणजे 0.80 हेक्टरला, 16,000. पाच एकर आणि त्यावरच्या सगळ्यांना 40,000.

हेक्टरवर आल्यामुळे एक मोठी गोष्ट बदलली. हंगामाच्या मुदतीत नोंदणी केलेली असली की धान केंद्रावर विकलं नाही तरी बोनस मिळतो. घरी खायला ठेवलं, व्यापाऱ्याला दिलं, तरीही. ज्यांनी ‘मला कुठे विकायचंय’ म्हणून नोंदणी केली नाही, त्यांचे पैसे नुसत्या कंटाळ्यापायी गेले. बोनसचा वेगळा शासन निर्णय दरवर्षी निघतो, कधी हिवाळी अधिवेशनात घोषणा होते आणि पैसे उन्हाळ्यात पडतात. म्हणून तो आधीच खर्चात धरून पोरीच्या लग्नाची तारीख काढू नका.

यादीत नाव असून पैसे आले नाहीत तर आधी पासबुक, मग आधारची बँक जोडणी, मग केंद्रावरची यादी, याच क्रमाने पाहा. क्षेत्र कमी धरलं असेल तर ई-पीक पाहणीचा सातबारा आणि नोंदणीची पावती जोडून पणनच्या भागात जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे, महामंडळाच्या भागात त्यांच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यायचाच. महिनाभर उत्तर नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा, 30 दिवसांची मुदत: ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ एवढा एकच प्रश्न. लांबलचक लिहिलेले अर्ज फिरत राहतात. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जायचं तर हाच शिक्का मारलेला कागद लागतो.

उन्हाळी धान असेल तर

खरिपाची नोंदणी उन्हाळीला चालत नाही. फेब्रुवारीत रोवणी झाली की ई-पीक पाहणी पुन्हा, यावेळी हंगाम उन्हाळी निवडून. लोक सवयीने रब्बी निवडतात. मग केंद्रावर नवीन नोंदणी, नवीन सातबारा. उन्हाळी धान मे-जूनमध्ये निघतं, तेव्हा डोक्यावर पाऊस असतो आणि गोदामं खरिपाच्या धानाने भरलेली असतात, म्हणून केंद्र उशिरा सुरू होतं. धान उघड्यावर टाकून वाट पाहू नका. घरी कोरड्यात ठेवा, केंद्राचा फोन नंबर जवळ ठेवा आणि गोदाम रिकामं झाल्याचं कळल्यावरच ट्रॅक्टर सांगा.